कै. दादासाहेब फाळके व चित्रांची विद्या

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचावयाचीं तीं केवळ त्यांच्या कीर्तीचें कौतुक करण्यासाठीं नव्हेत. ती कीर्ति ज्या कष्टांच्या पायावर उभी राहिली, ते कष्ट कोणत्या जातीचे होते हें समजून घेण्यासाठीं होय. कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके हे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून लहानथोरांस ठाऊक आहेत. परंतु पहिला चित्रपट काढण्यापूर्वींचीं वीस-बावीस वर्षें त्यांनीं कशांत घालविलीं, असें विचारलें तर पुष्कळांस उत्तर देतां यावयाचें नाहीं. तीं वर्षें त्यांनीं चित्र कसें घडतें, त्यांतील रंग सुटे कसे करावे व ते पुन्हां एकत्र कसे आणावे, ही विद्या हस्तगत करण्यांत वेचिलीं. तीच विद्या आज गणिताचें रूप घेऊन यंत्रांच्या द्वारें जगभर चालू आहे. म्हणून दादासाहेबांचें चरित्र सांगतां सांगतां त्या विद्येचीही थोडी ओळख आमच्या पारशिवनीच्या व आसपासच्या खेड्यांतील विद्यार्थ्यांस करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव हे दाजीशास्त्री या नांवानें ओळखले जात. ते संस्कृताचे व्युत्पन्न पंडित होते. अशा घरांतील मुलानें शास्त्रीच व्हावें, हें त्या काळीं स्वाभाविक होतें. परंतु धुंडिराजाचा ओढा रंग, माती व आकार यांकडे होता. पुढें दाजीशास्त्री मुंबईस विल्सन कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक झाले. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानें १८३२ सालीं सुरू केलेल्या शाळेंतून वाढलेलें हें कॉलेज. त्यांच्या या नेमणुकीमुळें कुटुंब मुंबईस आलें आणि मुलास १८८५ सालीं सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेंत प्रवेश मिळाला. वडिलांची वाट सोडून मुलगा दुसऱ्या वाटेनें गेला खरा. पण ती वाट वडिलांच्याच नोकरीमुळें मोकळी झाली, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

मुंबईचा अभ्यासक्रम आटोपल्यावर धुंडिराज आपले वडील बंधु शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्यास गेले. तेथें महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें १८९० सालीं कलाभवन ही संस्था निघाली होती. तिचे प्रमुख प्रो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रांत निष्णात व गुणी विद्यार्थ्यांची पारख असलेले गृहस्थ होते. तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुकला, फोटोग्राफी असे नाना विषय फाळके यांनीं तेथें हाताळले. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनांत त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळालें. याच सुमारास त्यांनीं हाफटोन ठसे, फोटो-लिथो व तीन रंगांची छपाई या कलांचें शिक्षण घेतलें. आणि त्यांतील बारकावे पक्के व्हावे म्हणून गज्जरांनीं त्यांस रतलामलाही पाठविलें.

येथें थोडें थांबून ही कला काय आहे तें सांगणें अवश्य आहे. छापखान्यांतील काळी शाई एक तर कागदावर लागते किंवा लागत नाहीं. अर्धवट काळी अशी शाई नसते. मग माणसाच्या गालावरची मऊ सावली छापावयाची कशी? यासाठीं हाफटोन ठशाची युक्ति निघाली. बारीक रेघा आंखलेल्या दोन कांचा आडव्या-उभ्या जोडून त्यांची एक जाळी करितात व त्या जाळींतून चित्राचा फोटो घेतात. त्यामुळें सबंध चित्राचे असंख्य ठिपके होतात. सावली गडद असेल तेथें ठिपका मोठा, उजेड असेल तेथें तो बारीक. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदास इंचाला ६० ते ८५ रेघांची जाळी पुरत असे. गुळगुळीत कागदास १३३ किंवा १५० रेघांची लागे. जुन्या वर्तमानपत्रांतील एखाद्या चित्रावर भिंग धरून पाहिल्यास हे ठिपके कोणासही दिसतील. डोळ्यापासून कागद दूर नेला कीं ते एकमेकांत मिसळतात आणि काळ्या व पांढऱ्या या दोनच पदार्थांतून करड्या रंगाच्या शेंकडों छटा उत्पन्न होतात.

रंगीत चित्राचा प्रकार याहून कठीण. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६१ सालीं लंडनमध्यें तांबड्या, हिरव्या व निळ्या माध्यमांतून एकाच वस्तूचे तीन फोटो घेऊन, ते तशाच रंगांच्या प्रकाशांत एकावर एक पाडून, मूळचे रंग पुन्हां उत्पन्न करून दाखविले. याच तत्त्वावर तीन रंगांची छपाई चालते. तांबड्या कांचेंतून घेतलेल्या फोटोवरून निळसर शाईचा ठसा करितात, हिरव्या कांचेंतून घेतलेल्या फोटोवरून किरमिजी शाईचा, आणि निळ्या कांचेंतून घेतलेल्या फोटोवरून पिवळ्या शाईचा. हे तीन ठसे एकाच कागदावर एकामागून एक, केसभरही न सरकतां, उमटावे लागतात. एक ठसा किंचित् सरकला कीं मुखाच्या कडेला हिरवी किंवा जांभळी झांक येते. जो रंग मूळ चित्रांत नाहीं तो कागदावर दिसूं लागतो.

आणखी एक गोष्ट. धातूच्या पत्र्यावर उमटविलेल्या ठिपक्यांभोंवतालचा भाग तेजाबानें खावविला म्हणजे ठसा तयार होतो. तेजाब अधिक वेळ लागलें कीं ठिपके कडेनें झिजून लहान होतात व चित्र फिकें पडतें. उलटपक्षीं छापतांना शाई कडेनें पसरते, ठिपके फुगतात व चित्र गडद होतें. कुशल ठसेकार हीं दोन्ही संकटें जाणून असतो. कोठें झिजूं द्यावयाचें आणि कोठें फुगूं द्यावयाचें, हें तो पाहून ठरवितो. चित्राचा कांहीं भाग लाखेनें झांकून उरलेला पुन्हां तेजाबांत बुडविणें हें त्याचें नित्याचें काम. झिजणें व फुगणें या दोन क्रिया वाचकांनीं लक्षांत ठेवाव्या; पुढें आम्हांस त्यांची गरज लागणार आहे.

अशी विद्या हातीं आल्यावर फाळके यांनीं १८९५ च्या सुमारास गोध्रा येथें फोटोग्राफीचा धंदा मांडला. परंतु थोड्याच वर्षांत प्लेगच्या साथीनें त्यांची पत्नी व मूल हिरावून नेलें. दुःखी मनानें ते बडोद्यास परतले, तों तेथें धंदा चालेना. कारण कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति शोषून घेतो, अशी भोळी समजूत लोकांत पसरली होती. त्या दिवसांत एका जर्मन जादूगाराची गांठ पडली व त्यापासून ते हातचलाखीचे खेळ शिकले. आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं करून प्रोफेसर केळफा या नांवानें त्यांनीं लोकांसमोर प्रयोगही केले. कोणी म्हणेल, हा वेळ व्यर्थ गेला. आम्हांस तसें वाटत नाहीं. पाहणाराचा डोळा कोठें फसतो व कोठें फसत नाहीं, हें जादूगाराइतकें कोणास कळत नाहीं; आणि पुढें पडद्यावर देवदेवतांचे चमत्कार दाखवितांना हेंच ज्ञान त्यांच्या उपयोगी पडलें.

१९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचें माहेरचें नांव गिरिजा करंदीकर. सासरीं त्या सरस्वतीबाई झाल्या. पुढच्या वर्षीं फाळके यांस सरकारच्या पुराणवस्तुसंशोधन खात्यांत फोटोग्राफर व नकाशानवीस म्हणून नोकरी मिळाली. पगार नियमित, काम मानाचें. परंतु स्वदेशीची चळवळ देशभर पसरली तेव्हां ती नोकरी सोडून त्यांनीं लोणावळ्यास स्वतःचा ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. जवळच मळवली येथें राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा प्रसिद्ध छापखाना होता. त्याचींही फोटो-लिथोचीं कामें फाळके करीत असत. मराठी घरांच्या भिंतींवर देवादिकांचीं जीं रंगीत चित्रें लागलीं, त्यांच्या मागें अशा कारागिरांचे हात होते. पुढें कारखाना मुंबईस दादर येथें आला, नवे भागीदार मिळाले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असें त्यास नांव पडलें, आणि १९०९ सालीं रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं फाळके जर्मनीस जाऊन आले. कामाची वाहवा झाली. परंतु भागीदारांशीं मतभेद विकोपास गेले व त्यांनीं तो भरभराटीचा धंदा रिकाम्या हातांनीं सोडला. त्या वेळीं ते चाळिशीस आले होते.

वाचकहो, अशा वेळीं पुष्कळ माणसें मोडून पडतात. फाळके यांच्या बाबतींत उलटेंच घडलें. १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूंत त्यांनीं येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर एका साधुपुरुषाचें चरित्र चालतें-बोलतें होऊन शेंकडों लोकांचीं अंतःकरणें हलवितें, हें पाहून त्यांच्या मनांत विचार आला कीं, राम, कृष्ण व हरिश्चंद्र यांचीं चरित्रेंही अशींच दाखवितां येतील. त्या दिवसापासून त्यांस दुसरें कांहीं सुचेना. रात्रंदिवस चित्रपट पाहावे, परत येऊन प्रयोग करावे, पुस्तकें चाळावीं, झोंप विसरावी, असा क्रम चालला. अति ताणामुळें त्यांच्या डोळ्यांवर विकार होऊन कांहीं काळ दृष्टि जवळजवळ गेली. ज्याचें सारें आयुष्य डोळ्यांवर अवलंबून, त्याच्यावर हा केवढा प्रसंग! मुंबईच्या डॉ. प्रभाकरांच्या उपचारानें व चष्म्यांच्या साह्यानें त्यांस पुन्हां दिसूं लागलें, आणि त्यांनीं तेंच काम पुन्हां हातीं घेतलें.

आपल्या कल्पनेवर दुसऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनीं एक अत्यंत साधा प्रयोग केला. कुंडींत वाटाणा पेरून, कॅमेरा एके जागीं स्थिर ठेवून, ठराविक वेळानें त्या रोपाचे एक एक चित्र घेतलें. महिन्याभराची वाढ मिनिटभरांत पडद्यावर दिसूं लागली. मातींतून कोंब वर येतो, पानें उलगडतात व वेल चढतो, हें पाहून लोक थक्क झाले. या प्रयोगानें कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. शिवाय स्वतःच्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते विलायतेस निघाले. लंडनमध्यें एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांनीं त्यांस सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याकडे नेलें. सुमारें दोन आठवडे सर्व कृति डोळ्यांनीं पाहून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीस भोकें पाडण्याचें यंत्र व कोरी फीत यांची व्यवस्था करून ते एप्रिलच्या आरंभीं परत आले.

राजा हरिश्चंद्र या चित्रपटाची कथा सर्वांनीं ऐकलेली आहे. तारामतीचें काम करण्यास कोणी स्त्री मिळेना, तेव्हां एका उपाहारगृहांतील अण्णा साळुंके या तरुणास तें दिलें. रोहिदासाचें काम दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र यानें केलें. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके. परंतु सरस्वतीबाईंचें काम पडद्यावर कोठेंही दिसत नाहीं, म्हणून आम्ही तें मुद्दाम सांगतों. आपले दागिने त्यांनीं या कामासाठीं दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. दिवसा उन्हांत पांढरी चादर धरून नटांच्या मुखावर प्रकाश पाडीत. रात्रीं अंधाऱ्या खोलींत फितीच्या कडेस भोकें पाडीत व रसायनांत फीत धुवीत. तीं भोकें एका अंतरावर न पडलीं तर पडद्यावरील चित्र थरथरतें. म्हणजे त्या मूक चित्रपटाचा स्थिरपणा बऱ्याच अंशीं त्यांच्या हातांचा आहे. आमच्या शाळेंतील मुलींनीं हें विसरूं नये.

सुमारें सात महिन्यांत ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजीं ऑलिंपिया नाट्यगृहांत तो निमंत्रितांस दाखविला गेला, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमांत सर्व लोकांसाठीं लागला. भारतांत निर्माण झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो गणला जातो. त्यापूर्वीं, १९१२ सालीं, दादासाहेब तोरणे यांनीं पुंडलिक नाटकाचें चित्रण दाखविलें होतें, तेंही येथें नमूद करणें न्यायाचें आहे.

आयुष्यभर रंगांचें काम केलेल्या या मनुष्याचा चित्रपट मात्र बिनरंगी होता. यांतही एक गंमत आहे. त्या काळच्या फितीस तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तो काळा उमटे. निळें आकाश मात्र पांढरें फटक येई. म्हणजे रंगाचा करडा करितांना फीत आपल्या मर्जीप्रमाणें न्याय करी, आणि दिग्दर्शकास नटांचा पोशाख व मुखावरील रंग त्या हिशेबानें निवडावा लागे. तीन रंगांचे ठसे केलेल्या हातास हा हिशेब नवा नव्हता. पुढें १९३३ सालीं प्रभात कंपनीनें सैरंध्री हा रंगीत चित्रपट काढला. त्याची छपाई जर्मनींत करून आणिली, परंतु रंग मनासारखे उतरले नाहींत. भारतांतच संस्कार झालेला रंगीत चित्रपट किसान कन्या हा १९३७ सालीं आला.

हरिश्चंद्रानंतर दादासाहेबांनीं आपला कारखाना नाशिकास नेला. मोहिनी भस्मासुर या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं, आणि स्त्रिया पडद्यावर येण्यास आरंभ झाला. १९१७ च्या लंकादहनानें तर प्रेक्षकांची झुंबड उडविली. १९१८ सालीं हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. श्रीकृष्णजन्म व कालियामर्दन हे तिचे गाजलेले चित्रपट. कालियामर्दनांत बालकृष्णाचें काम त्यांची कन्या मंदाकिनी हिनें केलें. परंतु भागीदारांशीं पुन्हां बेबनाव झाला व ते कंपनी सोडून काशीस जाऊन राहिले. तेथून ते परतले, पुष्कळ चित्रपट काढले. तथापि काळ पालटला होता. बोलपट आले, नव्या कंपन्या आल्या. १९३७ सालीं कोल्हापूर सिनेटोनसाठीं काढलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव मूळचा बोलपट व शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें. अखेरच्या वर्षांत ना धन होतें, ना पूर्वींची गजबज. त्यांच्या नांवाचा पुरस्कार भारत सरकारनें १९६९ सालीं सुरू केला. त्यांच्या जिवंतपणीं मात्र एवढा मान त्यांच्या वांट्यास आला नाहीं.

आतां त्या विद्येकडे वळूं. काळें व पांढरें यांच्यामधील छटा हाफटोनवाल्यानें ठिपक्यांनीं साधिली. गणितांत तीच अडचण दुसऱ्या रूपानें होती. जुन्या तर्कशास्त्राप्रमाणें एखादी गोष्ट खरी असते किंवा खोटी. मधली अवस्था नाहीं. १९६५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक लोत्फी झादे यांनीं असें मांडलें कीं, एखादी वस्तु एखाद्या वर्गांत किती अंशानें बसते, हें ० आणि १ यांमधील आंकड्यानें सांगावें. यास फझी लॉजिक म्हणतात. मराठींत धूसर तर्क म्हणावें. आमच्या भागांतील संत्र्याचें उदाहरण घ्या. झाडावरचें फळ हिरव्याचें केशरी होतें तें एका क्षणांत नव्हे. एखादें फळ ०.७ अंशानें पिकलेलें म्हणतां येईल. याचा अर्थ तें पिकलेलें असण्याचा संभव शंभरांत सत्तर, असा नव्हे. फळ आपल्या हातांत आहे, त्याबद्दल अज्ञान कांहीं नाहीं. पिकणें हीच गोष्ट अंशाअंशानें होणारी आहे. तेंच फळ ०.४ अंशानें मोठें असेल, तर पिकलेलें व मोठें या दोन्ही गुणांनीं मिळून तें ०.४ अंशाचें, कारण दोन्ही हवीं म्हटल्यास लहान आंकडा घ्यावयाचा. दोहोंपैकीं एक पुरे म्हटल्यास मोठा आंकडा, म्हणजे ०.७.

याच सुमारास, १९६४ सालीं, फ्रान्समध्यें जॉर्ज मातरों व जाँ सेरा हे पॅरिसच्या खाणविद्यालयाचे दोन संशोधक लोरेन प्रांतांतील लोहखनिज तपासीत होते. खनिजाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां कण व पोकळ्या दिसतात. त्यांचे आकार मोजावयाचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या शेजारच्या मनसरच्या मँगनीजच्या दगडाविषयींही तोच प्रश्न विचारतां येईल. त्यांतून आकारांचें जें गणित निघालें त्यास मॅथेमॅटिकल मॉर्फॉलॉजी म्हणतात. त्याच्या मूळ क्रिया दोनच : क्षरण व प्रसरण. चित्रांतील प्रत्येक बिंदूस त्याच्या गडदपणाचा आंकडा द्यावा. पांढऱ्यास ०, काळ्यास १. मग प्रत्येक बिंदूच्या जागीं त्याच्या शेजाऱ्यांतील सर्वांत लहान आंकडा लिहिला कीं काळे ठिपके झिजतात, हें क्षरण. सर्वांत मोठा लिहिला कीं ते फुगतात, हें प्रसरण. ठसेकाराचें तेजाब व छापणाराची शाई हींच दोन रूपें येथें गणितांत आलीं, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. आधीं क्षरण व नंतर प्रसरण केल्यास बारीक काळे डाग नाहींसे होतात आणि मोठे आकार बहुतेक तसेच राहतात. क्रम उलटा केल्यास काळ्या भागांतील बारीक पांढरीं छिद्रें बुजतात.

धूसर तर्कांतही लहान व मोठा आंकडा, आणि येथेंही तेंच. म्हणून या दोन विद्या एकमेकींस जुळतात. परंतु रंगीत चित्र पुढें आलें कीं नवीन अडचण उभी राहते. वर्गांतील मुलांस उंचीप्रमाणें रांगेंत उभें करितां येतें, कारण उंची हा एकच आंकडा आहे. रंगास मात्र तीन आंकडे लागतात : तांबड्याचा, हिरव्याचा व निळ्याचा. मग तांबडा मोठा कीं हिरवा मोठा, हें कोणीं ठरवावें? तिन्ही आंकड्यांवर निरनिराळ्या क्रिया केल्या तर मूळ चित्रांत नसलेला रंग उत्पन्न होतो, ज्याप्रमाणें तीन ठशांपैकीं एक सरकल्यानें खोटी झांक येत असे. यावर एक उपाय असा कीं, आपणांस हवा तो रंग, समजा पिकल्या संत्र्याचा, आधीं निवडावा. आणि चित्रांतील प्रत्येक रंग त्यासारखा किती अंशानें आहे तें धूसर तर्कानें ठरवावें. मग एकच आंकडा हातीं येतो व रांग लावितां येते. तथापि कोणता रंग मूळ धरावा, हें यंत्र सांगत नाहीं. तें मनुष्यासच ठरवावें लागतें.

या विद्येचे उपयोग दूरचे नाहींत. नागपुरांत १९७६ पासून असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेंत उपग्रहांनीं घेतलेल्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास होतो. एका जातीची जमीन संपून दुसरी कोठें लागते, ती सीमा शेतांत रेघेसारखी आंखलेली नसते. तेथें अंशांची भाषाच कामास येते. आमच्या पेंचच्या जंगलांत झाडांस बांधलेले कॅमेरे वाघांचीं चित्रें घेतात, आणि अंगावरील पट्ट्यांच्या आकारांवरून प्रत्येक वाघ निराळा ओळखतां येतो. जुन्या चित्रपटांच्या फितींवरील ओरखडे व धूळ शोधून काढण्यासही क्षरण व प्रसरण वापरितात.

हें शेवटचें वाचून मनास चटका लागतो. दादासाहेबांनीं काढलेल्या सुमारें शंभर चित्रपटांपैकीं आज फारच थोड्यांचे अवशेष उरले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जें जपलें तेवढेंच आपणांस पाहावयास मिळतें. डाग पुसण्याचें गणित कितीही सूक्ष्म असो, जी फीत जळाली किंवा विरली ती त्यास परत आणतां येत नाहीं. शिवाय पुसण्यांतही विवेक लागतो. बारीक डाग म्हणून जें यंत्र काढूं पाहतें, तें तारामतीच्या कानांतील कुडीचें मोतीं असूं शकेल. डाग कोणता व मोतीं कोणतें, हें ओळखण्यास ज्यानें तें चित्र मन लावून पाहिलें आहे असा डोळा हवा.

दादासाहेबांच्या चरित्रांतून घेण्यासारखें आम्हांस जें वाटतें तें हेंच. त्यांस यश आलें तें एका रात्रींत सुचलेल्या कल्पनेमुळें नव्हे. ठसे, तेजाब, शाई, भिंग, जादू, मूर्तिकाम यांपैकीं प्रत्येक काम त्यांनीं हातानें केलें होतें, व कल्पना आली तेव्हां हात तयार होते. त्यांच्या आयुष्याचा हिशेब यश किंवा अपयश अशा दोनच रकान्यांत मांडूं गेल्यास तो बसत नाहीं. धंदे बुडाले, भागीदार गेले, अखेरीस हात रिकामे राहिले. आणि तरीही एका देशास नवी कला मिळाली. परीक्षेंत आलेल्या गुणांवरून मुलगा हुशार कीं मठ्ठ असा एका शब्दांत निकाल देणाऱ्या पालकांनीं, आणि तो निकाल खरा मानून खिन्न होणाऱ्या विद्यार्थ्यांनीं, या गोष्टीचा शांतपणें विचार करावा. पारशिवनीच्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा हात चित्रांत, यंत्रांत वा मातींत रमत असेल, तर तो रमूं द्यावा, त्यास गणिताची जोड द्यावी, आणि तो तयार होईपर्यंत धीर धरावा, एवढीच आमची विनंति आहे.